परवाना, प्रतीक्षा आणि पडझड : चेतक स्कूटरचे जीवनचक्र

बाजारात नवी वस्तू येते तेव्हा ती गिऱ्हाइकाला अनोळखी असते, ओळख झाली की तिची मागणी भराभर वाढते, पुढे ती घरोघरी पोचून विक्री स्थिरावते आणि अखेरीस तिची जागा दुसरी एखादी वस्तू घेते. या व्यवहारी अनुभवाला विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकी व्यवस्थापनशास्त्राने सिद्धान्ताचे रूप दिले. जोएल डीन यांनी १९५० साली नव्या वस्तूंच्या किंमतधोरणाविषयी लिहिताना वस्तूचे वय वाढेल तसे तिच्या किमतीचे धोरणही बदलले पाहिजे, असे मांडले. थिओडोर लेव्हिट यांनी १९६५ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधील लेखात हाच विचार पुढे नेऊन ‘वस्तूचे जीवनचक्र’ ही कल्पना विक्रीच्या दीर्घकालीन नियोजनाचे साधन म्हणून पुढे आणली. परिचय, वाढ, परिपक्वता आणि ऱ्हास अशा चार अवस्था या चक्रात कल्पिलेल्या आहेत. परिचयाच्या अवस्थेत विक्रेत्याने वस्तूचा उपयोग पटवून द्यायचा, वाढीच्या अवस्थेत प्रतिस्पर्ध्यांपेक्षा आपली वस्तू सरस आहे हे ठसवायचे, परिपक्वतेत किंमत, जाहिरात आणि किरकोळ सुधारणा यांच्या बळावर गिऱ्हाईक टिकवायचे आणि ऱ्हासाच्या अवस्थेत वस्तूला नवे रूप द्यायचे की तिला निरोप द्यायचा हे ठरवायचे, अशी ही विभागणी आहे.

या मांडणीमागे एक गृहीतक आहे, ते असे की गिऱ्हाइकाला निवड करता येते आणि उत्पादकाला मागणीप्रमाणे माल काढता येतो. स्वातंत्र्योत्तर भारतात पहिली चार दशके या दोन्ही गोष्टी बहुतेक टिकाऊ वस्तूंच्या बाबतीत खऱ्या नव्हत्या. म्हणूनच १९७२ साली पुण्याजवळच्या आकुर्डीत जन्मलेल्या आणि २००५-०६ मध्ये उत्पादन थांबलेल्या ‘बजाज चेतक’ या स्कूटरचा इतिहास विपणनाच्या अभ्यासकाला उद्बोधक ठरतो. या स्कूटरच्या आयुष्यातही चारही अवस्था आल्या, परंतु त्यांची लांबी गिऱ्हाइकाने ठरवण्याऐवजी दीर्घकाळ सरकारी परवान्याने ठरवली, आणि त्याची किंमत अखेर उत्पादकालाच मोजावी लागली.

उसनी वस्तू, तयार गिऱ्हाईक

चेतकचे मूळ युद्धोत्तर इटलीत आहे. दुसऱ्या महायुद्धात विमाने बनवणाऱ्या पियाजिओ कंपनीचा पोंतेदेरा येथील कारखाना उद्ध्वस्त झाल्यानंतर एन्रिको पियाजिओ यांनी सामान्य माणसाला परवडेल असे वाहन बनवण्याचे ठरवले आणि विमानांचे अभियंते कोर्रादिनो दास्कानिओ यांनी त्याचा आराखडा तयार केला. १९४६ साली बाजारात आलेल्या या ‘वेस्पा’ला मोटारसायकलसारखा नळ्यांचा सांगाडा नव्हता, दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा होता. इंजिन मागच्या चाकाशेजारी झाकलेले असल्यामुळे कपड्यांना तेल लागत नसे, पुढचे ढालीसारखे पान चिखल अडवत असे आणि पाय ठेवायला सपाट जागा असल्यामुळे धोतर नेसलेल्या पुरुषाला ती चालवणे व साडी नेसलेल्या स्त्रीला तिच्या मागच्या बैठकीवर एका बाजूला बसणे सोयीचे जात असे. हे गुण इटलीतील रस्त्यांसाठी योजले गेले असले, तरी भारतीय मध्यमवर्गीय कुटुंबाच्या राहणीला ते फार नेमके जुळले.

जमनालाल बजाज यांच्या उद्योगसमूहाने नोव्हेंबर १९४५ मध्ये स्थापन केलेल्या बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८ पासून दुचाकी व तीनचाकी वाहने आयात करून विकण्यास सुरुवात केली. पुढे परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर निर्बंध येत गेले. १९५९ साली कंपनीला भारतातच ही वाहने बनवण्याचा परवाना मिळाला, १९६० साली ती ‘बजाज ऑटो’ या नावाने सार्वजनिक मर्यादित कंपनी झाली आणि त्याच वर्षी आकुर्डीच्या कारखान्याचे भूमिपूजन झाले. पियाजिओशी झालेल्या करारानुसार येथे वेस्पाचे उत्पादन होऊ लागले. अर्थशास्त्रज्ञ रेमंड व्हर्नन यांनी १९६६ साली मांडलेल्या उपपत्तीनुसार एखादी वस्तू श्रीमंत देशात जन्मते, तिचे तंत्र स्थिरावले की तिचे उत्पादन स्वस्त मजुरीच्या देशांकडे सरकते आणि मूळ देशात ती उतरणीला लागलेली असताना दुसरीकडे तिचे तारुण्य सुरू होते. वेस्पाचा भारतप्रवेश या उपपत्तीशी बराचसा जुळतो. फरक एवढाच की येथे स्वस्त मजुरीपेक्षा बंद दरवाजांची बाजारपेठ हे अधिक मोठे कारण होते.

पियाजिओशी असलेला करार १९७१ साली संपला आणि सरकारच्या धोरणात त्याच्या नूतनीकरणाला जागा उरली नव्हती. यंत्रसामग्री, कामगार आणि तंत्र हाताशी होते, परंतु नाव परके होते. १९७२ साली त्याच बांधणीची स्कूटर महाराणा प्रतापांच्या घोड्याच्या नावाने बाजारात आली. विपणनाच्या दृष्टीने हा निर्णय दिसतो त्याहून मोठा होता, कारण यंत्रात फारसा बदल न करता वस्तूला नवी ओळख देणे आणि त्या ओळखीतून स्वदेशीचा अभिमान जागवणे, या दोन गोष्टी त्यातून एकदम साधल्या गेल्या. परिचयाच्या अवस्थेत उत्पादकाला जो खर्च करावा लागतो, म्हणजे वस्तू काय आहे, ती कशी वापरायची, तिच्यावर विश्वास का ठेवायचा हे लोकांना समजावण्याचा खर्च, तो चेतकच्या वाट्याला आलाच नाही; वेस्पाने तो आधीच उचललेला होता.

परवान्यातली वाढ

वाढीच्या अवस्थेचे लक्षण असे की विक्रीचा वेग वाढतो, तो पाहून नवे प्रतिस्पर्धी येतात आणि त्यांच्या धाकाने वस्तू सुधारत जाते. चेतकच्या बाबतीत मागणी वाढली, पण पुढच्या दोन गोष्टी घडल्या नाहीत. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याखाली कोणत्या कारखान्याने किती नग काढायचे हे केंद्र सरकार ठरवत असे, आणि १९६९ च्या मक्तेदारीविरोधी कायद्यामुळे मोठ्या उद्योगसमूहांना क्षमता वाढवण्याची परवानगी मिळणे आणखी अवघड झाले. परिणामी स्कूटरसाठी ‘नंबर लावणे’ हा मध्यमवर्गाच्या जीवनातील एक रूढ विधी बनला. इच्छुकाने अनामत रक्कम भरून नोंदणी करायची आणि वाट पाहायची. ही प्रतीक्षा कित्येकदा दहा वर्षांपर्यंत लांबे. सरकारी नोकरांसाठी वेगळा कोटा असे, परदेशातील नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले तर गाडी लवकर मिळे, आणि ज्याचा नंबर लागला त्याला ती गाडी लगोलग जादा पैसे घेऊन विकता येई. अधिकृत किमतीवरील या रकमेला बोलीभाषेत ‘ऑन’ म्हणत. जुनी स्कूटर नव्या स्कूटरच्या छापील किमतीपेक्षा महाग विकली जाण्याचा उलटा प्रकारही या बाजारात नवलाचा राहिला नव्हता, आणि लग्नाच्या बोलणीत हुंड्याच्या यादीत स्कूटरचे नाव येऊ लागले, ते तिच्या याच दुर्मीळतेमुळे.

कमलनयन बजाज यांचे पुत्र राहुल बजाज यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीची सूत्रे हाती घेतली होती. परवान्यापेक्षा अधिक स्कूटर बनवल्याबद्दल तुरुंगात जावे लागले तरी आपली तयारी आहे, अशी त्यांची भूमिका पुढे वारंवार सांगितली गेली. क्षमतेच्या या झगड्याचा माग आकड्यांतही लागतो : एका आर्थिक वर्षात १ लाख वाहनांचा टप्पा गाठायला कंपनीला १९७७ साल उजाडावे लागले. दरम्यान १९७५ साली पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाच्या भागीदारीत ‘महाराष्ट्र स्कूटर्स’ ही कंपनी स्थापन होऊन साताऱ्यात ‘प्रिया’ स्कूटरचे उत्पादन सुरू झाले. राज्य सरकारच्या उपक्रमाला सोबत घेणे हा क्षमता वाढवण्याचा राजमान्य मार्ग होता, आणि गिऱ्हाइकाच्या दृष्टीने प्रिया ही चेतकच्याच घराण्यातली होती.

या काळात प्रतिस्पर्धी नव्हते असे नाही. मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाची लॅम्ब्रेटा होती आणि लखनौला सरकारी मालकीच्या स्कूटर्स इंडियाची विजय सुपर होती. परंतु चेतकचे पोलादी अंग दणकट होते, तिचे सुटे भाग गावोगाव मिळत आणि तिचे इंजिन खोलून जोडता येणार नाही असा मेस्त्री शोधूनही सापडत नसे. तिच्या खोडीही सर्वांना तोंडपाठ झाल्या होत्या. सकाळी थंड इंजिन किक मारून चालू झाले नाही की मालक तिला एका अंगाला कलती करून पेट्रोल कार्ब्युरेटरकडे उतरवी, तरी दाद दिली नाही तर प्लग काढून त्यावरची काजळी पॉलिश पेपरने घासे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या किकला धुराचा लोट सोडत ती सुरू होई. डाव्या मुठीत क्लच दाबून ती मूठच फिरवत गिअर टाकायचा, एका बाजूला इंजिनाचे वजन असल्यामुळे गाडी तोलून धरायची आणि पंक्चर झाले तर मागे लावलेली स्टेपनी रस्त्यातच बदलायची, हे सगळे शिकून घेणे म्हणजेच स्कूटर येणे असे समजले जाई.

खुल्या बाजारात अशी प्रत्येक खोड उत्पादकाला तक्रारीच्या रूपाने कळते आणि प्रतिस्पर्ध्याला संधीच्या रूपाने दिसते. येथे मात्र दहा वर्षे थांबून मिळालेल्या गाडीबद्दल तक्रार करण्याऐवजी गिऱ्हाईक तिच्याशी जुळवून घेत होते, आणि विक्रेत्याचे काम गाडी विकण्याचे नसून ती वाटून देण्याचे होते. उत्पादनखर्च आटोक्यात ठेवणे आणि मोठ्या संख्येने एकसारखा माल काढणे या कला कंपनीने उत्तम आत्मसात केल्या; गिऱ्हाइकाला उद्या काय हवे असेल हे ओळखण्याची कला शिकण्याची वेळ तिच्यावर आली नाही. वाढीची अवस्था लांबली, पण त्या अवस्थेतून मिळायचे शिक्षण राहून गेले.

परिपक्वता आणि ‘हमारा बजाज’

१९८० च्या दशकात सरकारी धोरण टप्प्याटप्प्याने सैल झाले आणि १०० सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी जपानी कंपन्यांशी तांत्रिक सहकार्य करण्यास मुभा मिळाली. हिरो होंडाची ‘सीडी १००’ ही मोटारसायकल १९८५ साली आली आणि चेतकपेक्षा कितीतरी कमी पेट्रोलवर ती धावत होती. पियाजिओने कानपूरच्या एलएमएल कंपनीशी हातमिळवणी करून वेस्पा पुन्हा भारतात आणली, तर पुण्याच्या फिरोदिया घराण्याच्या कायनेटिकने होंडाच्या सहकार्याने गिअर नसलेली, बटण दाबताच सुरू होणारी स्कूटर बाजारात उतरवली. बजाजनेही हातपाय हलवले. १९८५ साली औरंगाबादजवळच्या वाळूज येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, तिचा नवा कारखाना सुरू झाला, कावासाकीच्या सहकार्याने मोटारसायकल आली आणि १९८६ मध्ये वार्षिक उत्पादन ५ लाखांवर पोचले. पुरवठा वाढला तशी प्रतीक्षायादी आखडत गेली आणि कंपनीला प्रथमच आपला माल विकण्याची गरज भासू लागली.

या गरजेतून १९८९ साली ‘हमारा बजाज’ ही जाहिरात जन्माला आली. अलेक पदमसी यांच्या नेतृत्वाखालील लिंटास या जाहिरातसंस्थेने ती तयार केली आणि देशभर एकच दूरदर्शन पाहिले जाण्याच्या त्या काळात ती घरोघरी पोचली. निरनिराळ्या प्रांतांतील, धर्मांतील आणि वयांतील माणसे आपापल्या स्कूटरसह तिच्यात दिसतात. इंजिन, मायलेज किंवा किंमत यांचा पुरस्कार करण्यावर तिचा भर नाही. परिपक्व अवस्थेतील जाहिरातीचा हा नमुनेदार आदर्श म्हणता येईल. वस्तू सर्वांना माहीत असते, तिच्या गुणांविषयी नवे सांगण्यासारखे उरलेले नसते आणि प्रतिस्पर्ध्याकडे सरस यंत्र असते, अशा वेळी गुणांची तुलना टाळून गिऱ्हाइकाच्या आपलेपणाला हात घालणे हेच शहाणपणाचे असते. जपानी तंत्राला उत्तर म्हणून ‘आपली’ स्कूटर पुढे करणे ही चाल यशस्वी झाली आणि चेतकचे आयुष्य तिने निश्चितच वाढवले.

दुसरे शस्त्र किमतीचे होते. साचे आणि यंत्रे यांचा खर्च केव्हाच वसूल झालेला असल्यामुळे इतरांना परवडणार नाही अशा किमतीत चेतक विकता येत होती. जुलै १९९१ च्या नव्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांवरील परवान्याचे बंधन उठवले, आणि १९९५ मध्ये कंपनीचे वार्षिक उत्पादन १० लाखांवर गेले. त्याआधी १९९३ साली परदेशी कंपन्यांना मुक्तद्वार देण्यापूर्वी देशी उद्योगांना समान संधी मिळावी अशी मागणी करणाऱ्या, ‘बॉम्बे क्लब’ म्हणून ओळखल्या गेलेल्या उद्योगपतींच्या गटात राहुल बजाज अग्रभागी होते. परवान्याशी दोन दशके झगडलेल्या उद्योजकाने ही भूमिका घ्यावी यात वरवर विसंगती दिसते. परंतु क्षमतेवरचे बंधन आणि स्पर्धेपासूनचे संरक्षण ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे होती, आणि पहिले नकोसे असले तरी दुसऱ्याचा लाभ कंपनीला मिळतच होता.

ऱ्हासाची कारणे

१९९० च्या दशकात चेतकखालची जमीन चारही बाजूंनी खचू लागली. पहिले कारण इंधनाचे होते. चेतकचे इंजिन द्विघाती, म्हणजे टू-स्ट्रोक होते. त्यात पेट्रोलबरोबर तेल मिसळून जाळले जाते आणि काही मिश्रण न जळताच बाहेर पडते, त्यामुळे पेट्रोल अधिक लागते व निळसर धूर निघतो. चतुर्घाती, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनाच्या मोटारसायकलींनी पेट्रोलचा हिशेब ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला आपलेसे केले. दुसरे कारण प्रदूषणाच्या नियमांचे. १९९६ आणि २००० साली ते कडक झाल्यावर जुन्या बांधणीचे इंजिन टिकवणे खर्चिक ठरू लागले. तिसरे कारण गिऱ्हाईकच बदलले हे होते. घरटी एक वाहन ही कल्पना मागे पडून वडिलांची, मुलाची आणि मुलीची निवड वेगवेगळी होऊ लागली. तरुणाला मोटारसायकल हवी होती, आणि नोकरीला किंवा कॉलेजला जाणाऱ्या मुलीला किक व गिअर नसलेली हलकी गाडी हवी होती. चौथे कारण कर्जाचे; हप्त्यावर वाहन मिळणे सोपे झाल्यावर चेतकच्या कमी किमतीचे आकर्षण ओसरले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस देशात मोटारसायकलींची विक्री स्कूटरच्या पुढे गेली आणि २००१ साली हिरो होंडा ही संख्येच्या हिशेबाने जगातील सर्वांत मोठी दुचाकी उत्पादक कंपनी झाली.

या अवस्थेत लेव्हिट यांनी सुचवलेला उपाय म्हणजे आयुष्य वाढवणे. नायलॉनचे उदाहरण देऊन त्यांनी दाखवले होते की एका उपयोगातील मागणी मंदावण्याआधीच वस्तूचे नवे उपयोग, नवे गिऱ्हाईक आणि नवे प्रकार शोधले, तर विक्रीची वक्ररेषा पुन्हा वर वळवता येते. बजाजने १९९० साली ‘सनी’ ही हलकी गाडी आणली होती आणि १९९८ साली ‘लीजंड’ ही चतुर्घाती स्कूटरही काढली. परंतु पहिली कुटुंबाच्या वाहनाची जागा घेण्याइतकी मोठी नव्हती आणि दुसरी अंगकाठीने जुनीच होती. कंपनीची खरी शक्ती मोटारसायकलीकडे वळली आणि २००१ मधील ‘पल्सर’च्या यशाने त्या निर्णयाचे समर्थनही झाले. २००५-०६ मध्ये चेतकचे उत्पादन थांबले, २००७ साली आकुर्डीतील वाहननिर्मिती बंद झाली आणि डिसेंबर २००९ मध्ये राजीव बजाज यांच्या नेतृत्वाखालील कंपनीने स्कूटरचा व्यवसायच सोडण्याचे जाहीर केले. या निर्णयाने आपल्याला वाईट वाटल्याचे राहुल बजाज यांनी जाहीरपणे सांगितले.

वक्ररेषेचा दोष की वाचणाऱ्याचा?

निवडक क्षेत्रात एकाग्र होण्याचा राजीव बजाज यांचा विचार व्यवसायाच्या दृष्टीने निराधार नव्हता. मोटारसायकलींच्या निर्यातीत कंपनीने मिळवलेले यश त्याची साक्ष देते. तथापि स्कूटरपुरते पाहिले तर इतिहासाने वेगळाच निकाल दिला. होंडाने कायनेटिकपासून वेगळे होऊन स्वतःची कंपनी काढली आणि २००१ साली ‘ॲक्टिव्हा’ ही गिअर नसलेली, चतुर्घाती इंजिनाची स्कूटर आणली. स्त्री-पुरुष, तरुण-वृद्ध अशा कोणालाही चालवता येणाऱ्या या गाडीने चेतकने रिकामी केलेली जागा भरून काढली, आणि पुढच्या दीड दशकात एकूण दुचाकी विक्रीतील स्कूटरचा वाटा जवळजवळ एक-तृतीयांशावर पोचला. स्कूटर संपली असे समजून जेव्हा बजाजने पाठ फिरवली, तेव्हा स्कूटरचे दुसरे तारुण्य सुरू झालेले होते.

विपणनाच्या पाठ्यपुस्तकांत वस्तूचा वर्ग, वस्तूचा प्रकार आणि नाममुद्रा अशा तीन पातळ्यांवर जीवनचक्राचा वेगवेगळा विचार करावा असे सांगितले जाते, त्याचे मर्म येथे उघड होते. कुटुंबाला सोयीचे दुचाकी वाहन हा वर्ग टिकून होता, हाताने गिअर टाकायची द्विघाती स्कूटर हा प्रकार मरत होता आणि चेतक या नाममुद्रेची पुण्याई शिल्लक होती. नरिमन धल्ला आणि सोनिया यूस्पेह या विपणनाच्या अभ्यासकांनी १९७६ सालीच इशारा दिला होता की विक्री घसरू लागली की व्यवस्थापक तिला ऱ्हासाची अवस्था ठरवतात, जाहिरात आणि सुधारणा आखडतात, आणि मग वस्तू खरोखरच मरते. चेतकचा शेवट या इशाऱ्याच्या बराच जवळ जातो. बजाज कंपनीने हे नाव पुढे स्वतःच पुन्हा हाती घेतले. जानेवारी २०२० मध्ये विजेवर चालणारी चेतक पुणे आणि बंगळुरूत विक्रीस आली आणि जून २०२२ मध्ये आकुर्डीच्या जुन्या आवारात तिच्यासाठी नवा कारखाना सुरू झाला.

या सबंध इतिहासाचा निष्कर्ष असा की चेतकचा ऱ्हास १९९० च्या दशकात दिसला, पण त्याची बीजे प्रतीक्षायादीच्या सुबत्तेत पेरली गेली होती. ज्या उत्पादकाला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही, त्याला गिऱ्हाईक ओळखताही येत नाही, आणि माल संपण्याची खात्री असलेल्या काळात जी कंपनी बाजाराकडून शिकत नाही, तिला ते शिक्षण पुढे तोट्याच्या काळात घ्यावे लागते. जीवनचक्राची रेषा ही भविष्यवाणी नसून व्यवस्थापनाच्या निर्णयांची मागाहून काढलेली नोंद असते. ती वर जाताना जे निर्णय घेतले किंवा टाळले जातात, त्यांवरच तिची उतरण ठरते.